मुलांची आणि किशोरवयीनांची ऑक्युपेशनल थेरपी: सोलापूर जिल्ह्यातल्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

ऑक्युपेशनल थेरपिस्ट मुलांसोबत नेमके काय करतो?

जेवणे, कपडे घालणे, खेळणे, लिहिणे, शौचाला जाणे, बाजारातून सुटे पैसे मोजून आणणे अशी मुलाची रोजची कामे असतात. त्यातले काय अडते आणि का अडते, हे थेरपिस्ट शोधतो आणि ते जमेल अशी वाट काढतो. कधी मुलाला कौशल्य शिकवले जाते, कधी वस्तू बदलली जाते, तर कधी घरातल्यांची पद्धत बदलावी लागते.

सहा वर्षांच्या मुलाला शर्टाची बटणे लागत नाहीत असे समजा. बोटांत जोर कमी असेल, दोन हात एकमेकांना साथ देत नसतील किंवा नजरेचा दोष असेल. कापड टोचत असेल म्हणून तो हातच लावत नसेल. कामाचा क्रम डोक्यात राहत नसेल. किंवा आजी रोज लावून देते, त्यामुळे त्याला कधी संधीच मिळालेली नसेल. तक्रार एकच, पण प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा. म्हणून तपासणीआधीच ‘थेरपी सुरू करा’ म्हणण्यात अर्थ नाही, आणि तपासणी न करता थेरपी सुरू करणाऱ्याकडे जाऊ नये.

फिजिओथेरपी, स्पीच थेरपी आणि ही, यांत फरक काय?

फिजिओथेरपिस्टचा भर स्नायू, सांधे, तोल आणि चालण्यावर असतो. स्पीच थेरपिस्ट भाषा, उच्चार, संवाद आणि गिळण्याकडे पाहतो. मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यांक, वर्तन आणि भावना तपासतो, विशेष शिक्षक वाचन, लेखन आणि गणित शिकवतो. ऑक्युपेशनल थेरपिस्टचा विषय रोजची कामे. सीमा थोड्या एकमेकांत शिरतात, विशेषतः घास चावण्या-गिळण्याच्या बाबतीत. घास घेताना मूल ठसकत असेल, जेवल्यावर आवाज ओला, घरघरता येत असेल किंवा छातीत वारंवार कफ होत असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञ आणि मग गिळण्याची तपासणी. तोपर्यंत कोणतेही ‘तोंडाचे व्यायाम’ करू नका.

किती वयात दाखवावे? थोडे थांबून पाहिले तर?

वयाची खालची मर्यादा नाही. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेले, दीड किलोपेक्षा कमी वजनाचे, जन्मतः रडायला उशीर झालेले किंवा झटके आलेले बाळ असेल, तर काही बिघडलेले दिसण्याची वाट न पाहता पहिल्या काही महिन्यांपासून विकासाची नियमित तपासणी व्हायला हवी.

एरवी पुढच्या खुणा दिसल्या तर थांबू नका. चार महिन्यांनंतरही मुठी सतत घट्ट मिटलेल्या. नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसत नाही. वर्षाचे झाले तरी नावाला वळून पाहत नाही. अठरा महिन्यांपर्यंत चालत नाही किंवा हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही. आणि एक खूण घरात बहुतेकदा कौतुकाने सांगितली जाते: ‘आमचे बाळ आत्तापासूनच एकाच हाताने सगळे घेते.’ वर्षाच्या आतबाहेर एकच हात ठामपणे वापरला जात असेल तर दुसऱ्या हातात काही कमतरता आहे का, हे लगेच तपासावे. आलेली कौशल्ये, म्हणजे शब्द, हातवारे, नजरेला नजर, गळून पडत असतील तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

‘याचे बाबाही उशिराच बोलले’ हे वाक्य खरे असू शकते. तरीही तपासणीने नुकसान होत नाही. सहा महिने वाट पाहिल्याने मात्र होऊ शकते, कारण पहिली दोन-तीन वर्षे मेंदूच्या जडणघडणीची असतात.

शाळेच्या वयात खुणा वेगळ्या. अजूनही स्वतः चमच्याने खात नाही, पाच-सहाव्या वर्षी मोठी बटणे लागत नाहीत, आठव्या वर्षी बुटाची नाडी बांधता येत नाही, चेंडू झेलताना डोळे मिटून घेतो, वही नेहमी अपुरी राहते. शिकवूनही, संधी देऊनही महिनोन्‌महिने फरक पडत नसेल तर दाखवा.

सोलापुरात सुरुवात कुठून करायची?

लहान बाळाच्या बाबतीत बालरोगतज्ज्ञाकडून. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची (आरबीएसके) पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा तपासणीला येतात. ० ते १८ वयाच्या मुलांतले जन्मजात दोष आणि विकासातला विलंब शोधणे हे त्यांचेच काम आहे. अंगणवाडीताईंना तारीख विचारून ठेवा आणि त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पुढे पाठवायची वेळ आली तर शहरातले श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपले सिव्हिल, आहे. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेले असल्याने बालरोग, मानसोपचार, नेत्र, कान-नाक-घसा हे विभाग एकाच आवारात भेटतात. बालरोग विभागात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची (डीईआयसी) चौकशी करा. बार्शी, करमाळा, सांगोल्याहून येणाऱ्यांनी ओपीडीचे दिवस आधी फोनवर विचारून निघावे, म्हणजे दोन तपासण्यांसाठी दोन फेऱ्या होणार नाहीत.

खासगीत जाताना पदवी विचारायला संकोच करू नका. ऑक्युपेशनल थेरपीची पदवी चार वर्षांची आणि वर इंटर्नशिप. महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीसाठी २००२ च्या कायद्याने स्वतंत्र राज्य परिषद आहे, तिचा नोंदणी क्रमांक मागा. फलकावर ‘ओटी’ (ऑक्युपेशनल थेरपी) लिहिलेले असते आणि आत थोड्या दिवसांचा कोर्स केलेली व्यक्ती थेरपी देत असते, असे प्रकार घडतात. आपल्या देशात ही विद्या १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकरांनी पहिली शाळा काढली तेव्हापासून शिकवली जाते. प्रशिक्षित माणसे कमी असली तरी आहेत, आणि मुलासाठी त्यांचाच आग्रह धरावा.

पहिल्या तपासणीला काय घेऊन जावे?

कागदांत जन्माच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचे कार्ड, आधीचे रिपोर्ट, आणि डोळे-कान तपासले असतील तर त्याच्या चिठ्ठ्या. नसतील तपासले, तर ते आधी करून घ्या. फळा दिसत नाही म्हणून चुकीचे उतरवणाऱ्या मुलाला बोटांचे व्यायाम देऊन उपयोग नाही.

शाळेच्या मुलाच्या चालू वह्या न्या, नीटनेटकी केलेली नव्हे तर रोजची. पहिले पान आणि कालचे पान यांतला फरक बरेच सांगून जातो. डब्यात नेहमीचेच जेवण द्या: भाजी-भाकरी, शेंगाचटणी, जे रोज असते ते. बटणांचा गणवेश आणि नाडीचे बूटही सोबत असू द्या.

सर्वांत उपयोगी ठरतात मोबाइलवरचे दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ: सकाळी कपडे घालताना, जेवताना, अभ्यासाला बसल्यावर आणि चिडचिड होते तेव्हा. नवख्या खोलीत मूल वेगळे वागते, घरचे खरे चित्र व्हिडिओत असते.

मूल झोपलेले आणि खाल्लेले असावे. एप्रिल-मेमध्ये सकाळची वेळ मागून घ्या, दुपारच्या ४२ अंशांत रिक्षाने आलेल्या मुलाची तपासणी खरी येत नाही. चालू औषधे त्या दिवसापुरती बंद करू नका.

तपासणीत काय होते? किती वेळ लागतो?

साधारण तासभर ते दीड तास, लहान किंवा लवकर थकणाऱ्या मुलासाठी दोन भेटींत. आधी पालकांशी बोलणे: गरोदरपण, जन्म, विकासाचे टप्पे, आजार, झोप, जेवण, शौच आणि पूर्ण दिवसाचा क्रम. ‘सकाळी उठल्यापासून सांगा’ असे विचारणारा थेरपिस्ट योग्य मार्गावर आहे. मग मुलाला खेळू दिले जाते, आणि ते पाहणे हीच अर्धी तपासणी. जिना कसा चढतो, जमिनीवरून कसा उठतो, दोन्ही हात वापरतो का, नवा खेळ समजून घेतो की पाहून नक्कल करतो, हरल्यावर काय करतो.

त्यानंतर वय आणि तक्रार पाहून प्रमाणित चाचण्या. शाळकरी मुलांच्या हालचाली आणि हस्तकौशल्यासाठी एमएबीसी-२ किंवा बीओटी-२, डोळा-हात समन्वयासाठी बीरी व्हीएमआय, संवेदनांबाबत पालक आणि शिक्षकांनी भरायची सेन्सरी प्रोफाइल ही नावे रिपोर्टमध्ये दिसतील. सेरेब्रल पाल्सीत (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचाल अडणे) जीएमएफसीएस (हालचाल) आणि एमएसीएस (हातांचा वापर) असे प्रत्येकी पाच स्तर असतात. पहिला स्तर सौम्य, पाचवा तीव्र.

यातल्या बऱ्याच चाचण्यांची मानके परदेशी मुलांवरून ठरली आहेत. आपल्या मुलांना चमचा उशिरा दिला जातो, हाताने खाण्याची सवय असते, कात्री कित्येक घरांत हातीच देत नाहीत. म्हणून नुसत्या गुणांवरून निष्कर्ष काढणारा रिपोर्ट अपुरा. आकड्याशेजारी ‘या मुलाला ही संधी मिळाली होती का’ याचे उत्तर हवे.

घरी तेलुगू बोलतो, शाळा मराठी. तपासणी कोणत्या भाषेत?

मुलाच्या घरच्या भाषेत. सोलापुरात तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी मुले मोठ्या संख्येने आहेत. सूचना कळली नाही म्हणून कृती झाली नाही, तर ते हालचालीचे अपयश म्हणून नोंदले जाते, ही नेहमीची चूक. थेरपिस्टला भाषा येत नसेल तर आई किंवा आजीने सूचना सांगाव्यात, पण करून दाखवू नये आणि उत्तरही सुचवू नये. दोन-तीन भाषांमुळे मूल मागे पडते असे कुणी सांगितले म्हणून घरची भाषा बंद करू नका.

रिपोर्टमध्ये काय असायला हवे?

मुलाला काय जमते, काय अडते, कारणाचा अंदाज, आणि मोजता येतील अशी उद्दिष्टे. ‘फाइन मोटर (बोटांची बारीक कामे) सुधारणे’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘तीन महिन्यांत गणवेशाच्या पाचपैकी चार बटणे स्वतः, पाच मिनिटांत, आठवड्यातल्या चार दिवशी’ हे उद्दिष्ट. एका वेळी तीन पुरेत. ती ठरवताना तुम्हाला विचारले गेले पाहिजे, आणि सात-आठ वर्षांपुढच्या मुलाला स्वतःलाही. आईला लेखन महत्त्वाचे वाटते, मुलाला सायकल. सायकलपासून सुरुवात केली तर मूल स्वतःहून येते.

निदानाची नावे, म्हणजे स्वमग्नता (ऑटिझम), एडीएचडी (लक्ष न टिकणे, अतिचंचलता), अध्ययन अक्षमता, ही ऑक्युपेशनल थेरपिस्टने एकट्याने लावायची नसतात. त्यासाठी डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ लागतात.

अक्षर वाईट आहे, हात दुखतो, वह्या अपुऱ्या राहतात. काय करावे?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून सविस्तर.

आधी बसणे पाहा. पाय लोंबकळत असतील तर धड डगमगते आणि त्याची भरपाई खांदा आणि बोटे करतात. पावले टेकलेली, गुडघे आणि कंबर काटकोनात, टेबल कोपराच्या उंचीला किंवा तीन-चार सेंटीमीटर वर. पायाखाली दोन विटा, त्यांवर जुनी चादर गुंडाळून, हा बिनखर्चाचा उपाय आहे. जमिनीवर बसून लिहायचे असेल तर मांडीवर वही नको, चौरंग घ्या. पाठ वाकत असेल तर पाटावर किंवा घडी केलेल्या टॉवेलवर बसवा, म्हणजे कंबर थोडी वर येते.

मग अडते कुठे ते वेगळे करा: अक्षराचा आकार, ओळ, शब्दांतले अंतर की वेग. ओळखीचा उतारा दोन मिनिटे उतरवायला द्या, शब्द मोजा, आणि वर्गातल्या सर्वसाधारण मुलाचा वेग बाईंना विचारा.

देवनागरीच्या स्वतःच्या अडचणी आहेत. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येते, पण कागदावर आधी काढावी लागते. क्रम लक्षात ठेवायला जड जाणारी मुले ती हमखास गाळतात किंवा चुकीच्या अक्षरावर टाकतात. भ आणि म, घ आणि ध यांत फरक फक्त वरच्या गाठीचा किंवा रेघेचा. ख चा ‘रव’ होतो. म्हणून मुळाक्षरे अआइई क्रमाने न गिरवता आकाराच्या घराण्याने घ्या: ग-म-भ-न, व-ब-क, प-ष-फ, ट-ठ-ढ-द. उभी रेघ, आडवी रेघ, अर्धगोल आणि गाठ हे चार घटक आधी मोठे, हवेत, फळ्यावर आणि ओल्या हाताने फरशीवर येऊ द्या. शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावर एका दमात द्यावी आणि शब्द संपला की पेन्सिल उचलावी. अंतर चुकणाऱ्या मुलांना शब्द कुठे संपतो हे रेघेमुळेच दिसते. इंग्रजी माध्यमात सुटी अक्षरे, जोडून लिहायचे वळण आणि वर देवनागरी असा तिहेरी भार पडतो. अडणाऱ्या मुलासाठी इंग्रजीचे वळणदार लेखन सोडून द्यावे, सुटी अक्षरे पुरतात, आणि शाळेला तसे लेखी विचारावे.

साधारण तिसऱ्या वर्षी गोल, चौथ्या वर्षी अधिकचे चिन्ह, पाचव्याच्या आसपास चौकोन काढता येतो. अधिक आणि चौकोन जमत नसताना अक्षरे गिरवायला लावली तर मूल पेन्सिलीला भिते आणि चुकीच्या दिशेने काढायची सवय लागते, जी नंतर मोडणे अवघड. बालवाडीत पानेच्या पाने लिहून घेण्याला आमचा स्पष्ट विरोध आहे.

पकड तीन बोटांचीच हवी असे नाही. चार बोटांनी धरूनही दुखत नसेल आणि वेग ठीक असेल तर हात लावू नका. तिसरी-चौथीनंतर पकड बदलण्याचा हट्ट सहसा फसतो. लहान मुलाला चार-पाच सेंटीमीटरचा पेन्सिलीचा तुकडा द्या, त्यावर मूठ बसतच नाही, बोटेच वापरावी लागतात.

लेखन सुधारते ते लिहूनच. चेंडू दाबणे, मणी ओवणे यांनी बोटे बळकट होतील, पण तेवढ्याने अक्षर सुधारत नाही. आठवड्यातून किमान दोनदा, पंधरा-वीस मिनिटे, प्रत्यक्ष लेखनाचा मार्गदर्शित सराव, अशा निदान वीस बैठका झाल्यावर फरक मोजावा. शिक्षा म्हणून दहा वेळा लिहायला लावणे थांबवा: थकलेला हात चुकीचा आकार पक्का करतो. दोन ओळी नीट, आणि मुलाने स्वतःच त्यातले सर्वांत चांगले अक्षर शोधून त्याभोवती गोल करावा.

एवढे करूनही पाचवी-सहावीत वेग येत नसेल तर टंकलेखन, बोलून टाइप करणे किंवा लेखनिक यांची तयारी सुरू करा. बुद्धी तल्लख आणि हात संथ असलेल्या मुलाला दहावीपर्यंत फक्त अक्षरावर अडवून ठेवणे अन्याय आहे.

डावखुरा आहे. उजव्या हाताची सवय लावू का?

नाही. जेवण आणि पूजेतल्या नियमांसाठीही जबरदस्ती नको. वहीचा वरचा कोपरा उजवीकडे तिरका करा, बाकावर डाव्या टोकाला बसवा, डावखुऱ्यांची कात्री द्या, पेन्सिल टोकापासून तीनेक सेंटीमीटर वर धरू द्या. एवढे पुरते.

कुकरची शिट्टी, ढोल, केस कापणे, कशालाच सहन करत नाही. हे ‘सेन्सरी’ आहे का?

असेल. पण आधी कान, दात, बद्धकोष्ठता, जंत, झोप आणि भूक पाहून घ्या. अचानक सुरू झालेली चिडचिड दुखण्याची असू शकते.

आवाज, स्पर्श, प्रकाश, वास, हालचाल हे काही मुलांना इतरांपेक्षा फार तीव्र जाणवते, काहींना फार कमी. कमी जाणवणारी मुले सतत उड्या मारतात, आदळतात, वस्तू चघळतात. ही समजूत अमेरिकन थेरपिस्ट ए. जीन एअर्स यांनी मांडली. प्रशिक्षित थेरपिस्टने, ठरावीक उद्दिष्टे ठेवून केलेल्या सेन्सरी इंटिग्रेशनचा (संवेदनांशी जुळवून घ्यायला शिकवणारी थेरपी) काही स्वमग्न मुलांना उपयोग होतो. वजनदार जाकिटे आणि ब्रशने अंग घासण्याच्या ठरीव पद्धतींना मात्र भक्कम आधार नाही. महिन्याचे पैसे त्यावर घालवू नका.

बहुतेकदा परिस्थिती बदलणे लवकर लागू पडते. गणवेश विकत घेतल्यावर दोनदा धुऊन मऊ करा, गळ्यामागची चिठ्ठी उसवा. मिक्सर लावण्याआधी सांगा आणि बटण मुलालाच दाबू द्या, कारण आपण सुरू केलेला आवाज कमी त्रास देतो. केस कापण्याची तयारी दोन आठवडे आधी: रोज कंगवा, मग घरच्या कात्रीचा नुसता आवाज, मग मानेवर टॉवेल, मग दुकानात जाऊन फक्त खुर्चीवर बसून परत. मशीन टाळा, कात्रीने कापायला सांगा, गर्दी नसलेली वेळ घ्या.

जानेवारीतली सिद्धेश्वराची यात्रा हा अनेक घरांत दरवर्षीचा पेच असतो. मुलाला कायम घरी ठेवू नका, मोजून न्या. नंदीध्वजांच्या मिरवणुकीऐवजी होम मैदानावरच्या गड्ड्यात (जत्रेत) दुपारी चारच्या सुमाराला, गर्दी चढण्याआधी. आधी फोटो दाखवा, काय-काय पाहणार ते क्रमाने सांगा, कानांवर आवाज अडवणारे हेडफोन, खिशात घरचा पत्ता आणि फोन लिहिलेली चिठ्ठी, आणि वीस मिनिटांनी बाहेर पडायचे ठरवूनच जा. पाळण्यात बसणे ऐच्छिक. रडू फुटायच्या आत निघालात, तर पुढच्या वर्षी अर्धा तास जमतो. शोभेच्या दारूकामाला तीव्र त्रास असलेल्या मुलाला नेऊ नये.

घरी चादरीची झोळी बांधली तर चालेल का? वजनदार पांघरूण घ्यावे का?

झोळी चालते, अटी पाळल्या तर. हूक छताच्या काँक्रीटमध्ये किंवा लोखंडी तुळईत हवा, लाकडी पट्टीत नाही. आधी मोठ्या माणसाने बसून भार पाहावा. जमिनीपासून फूटभर उंची, खाली गादी. सोलापुरी चादर दणकट असते, तरी शिवण आणि गाठ दर वेळी तपासा. झोका पुढे-मागे, संथ, पाच-दहा मिनिटे. गरगर फिरवू नका. चेहरा पांढरा पडला, घाम आला, मळमळ झाली तर लगेच थांबा. फिट येणाऱ्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि मुलाला झोळीत एकटे कधीही सोडू नका.

वजनदार पांघरूण तीन वर्षांखालच्या किंवा ते स्वतः बाजूला करू न शकणाऱ्या मुलावर घालणे धोक्याचे आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर कुणावरच नको.

घरी रोज काय करायचे?

वेगळा ‘थेरपीचा तास’ बहुतेक घरांत आठवडाभरात बंद पडतो. कामातच बसवा. शेंगा फोडणे हा चिमटीचा उत्तम सराव आहे (पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे खायला मात्र देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात). कणीक किंवा भाकरीचे पीठ मळणे, छोटी भाकरी थापणे, खलबत्त्यात चटणी कुटणे, ओला टॉवेल पिळणे, दोघांनी मिळून चादरीची घडी घालणे, ज्वारी निवडणे, पाण्याची कळशी ओढत नेणे. एक काम निवडा, शेवटची पायरी मुलाला करू द्या, ती जमली की शेवटच्या दोन. मोज्याची टाच तुम्ही चढवली आणि वर त्याने ओढले, तर काम पूर्ण करण्याचा आनंद त्याचा. रोज दहा-पंधरा मिनिटे, आठवड्यातले पाच दिवस.

सकाळी सव्वासातच्या घाईत नवीन काही शिकवायला घेऊ नका. संध्याकाळी किंवा रविवारी शिकवा, सकाळी फक्त आलेले वापरा.

किती दिवस चालते? आम्ही मंगळवेढ्याहून येतो, आठवड्यातून दोनदा जमत नाही.

सामान्यतः आठवड्यातून एक-दोन बैठका, ४५ मिनिटांच्या, आणि तीन महिन्यांनी उद्दिष्टांची फेरतपासणी. लांबून येणाऱ्यांनी दुसरा मार्ग मागावा: पूर्ण तपासणी, पालकांचे दोन-तीन सलग दिवसांचे प्रशिक्षण, मग महिन्यातून एक भेट आणि मध्ये व्हिडिओ कॉल. पालक आत बसून शिकले तर हे चांगले चालते. दार लावून मुलाला आत नेणारे आणि ‘आज छान केले’ एवढेच सांगणारे केंद्र निवडू नका.

तीन महिन्यांत एकही उद्दिष्ट हलले नाही तर उद्दिष्ट चुकले, कारण चुकले किंवा पद्धत चुकली. ‘अजून सहा महिने थांबा’ हे उत्तर पुरेसे नाही.

सेरेब्रल पाल्सीत एक हात चालत नाही. मालिश करू का?

मालिशने मुलाला बरे वाटते, पण हाताचा वापर त्याने येत नाही. हात वापरला तरच मेंदू तो हात शिकतो. चांगल्या हाताला काही आठवडे पायमोजा किंवा मऊ हातमोजा घालून अडलेल्या हाताने खेळवणे, तसेच दोन्ही हातांनीच होतील अशी कामे (डब्याचे झाकण उघडणे, पतंगाची मांजा नसलेली दोरी गुंडाळणे) या दोन्ही पद्धतींना चांगला पुरावा आहे. तासांचे गणित थेरपिस्टने ठरवावे. ताणून, ओरडेपर्यंत सांधे वाकवणे बंद करा. हाड मोडू शकते आणि मूल स्पर्शालाच घाबरते.

स्टेम सेलने किंवा एखाद्या औषधाने स्वमग्नता बरी होते असे सांगतात.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्वमग्नतेसाठी स्टेम सेल उपचाराला मान्यता नाही. ‘बरे करतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. तेवढ्या रकमेत काही वर्षांची थेरपी होते.

शाळेकडे काय मागावे?

तोंडी नव्हे, लेखी, आणि मोजके. पुढच्या बाकावर जागा, फळ्यावरचे उतरवण्याऐवजी छापील कागद, गृहपाठ निम्मा, तासाच्या मध्ये वही वाटण्यासारखे उठायचे काम, आवाज असह्य झाला तर दोन मिनिटे बाहेर जायची मुभा. बाईंसमोर साठ मुले असतात. पाचांपैकी दोन गोष्टी झाल्या तरी त्यांचे आभार माना आणि महिन्याने पुन्हा भेटा.

दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नको, असे केंद्राचे २०२० चे दप्तर धोरण सांगते. वीस किलोच्या मुलाला दोन किलो. घरच्या काट्यावर एकदा तोलून पाहा.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगता धरली आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात येतात. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगता असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

दहावीला जादा वेळ मिळतो का?

मिळतो. केंद्राच्या सूचनांनुसार दिव्यांग विद्यार्थ्यांना तासाला किमान २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिकाचीही सोय आहे. प्रस्ताव शाळेमार्फत परीक्षा मंडळाकडे जातो, सोलापूर जिल्हा पुणे विभागीय मंडळात येतो. थेरपिस्टचा रिपोर्ट जोडता येतो, पण तो प्रमाणपत्र नव्हे. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र वयाच्या आठ वर्षांनंतर अधिकृत वैद्यकीय मंडळच देते. नववी सुरू होतानाच कामाला लागा. दहावीचे फॉर्म भरताना धावपळ केली तर तारीख निघून जाते. आणि लेखनिकासोबत पेपर सोडवणे हे वेगळे कौशल्य आहे, सांगून लिहून घ्यायचा सराव किमान सहा महिने हवा.

यूडीआयडी कार्ड आणि निरामय योजनेचा उपयोग काय?

यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र. त्याचा अर्ज ऑनलाइन, तपासणी सरकारी रुग्णालयाच्या मंडळाकडे. एसटी सवलत, शिष्यवृत्ती, परीक्षेतल्या सवलती या सगळ्यांना ते लागते. निरामय ही नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची आरोग्य विमा योजना: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुदिव्यांगतेसाठी वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीच्या खर्चासाठी वेगळी मर्यादा. अध्ययन अक्षमता किंवा एडीएचडी त्यात येत नाही. थेरपीच्या प्रत्येक पावतीवर तारीख, नोंदणी क्रमांक आणि शिक्का घ्या, नाहीतर दावा परत येतो.

मुलगी चौदा वर्षांची आहे. आता उशीर झाला का?

नाही, फक्त उद्दिष्टे बदलतात. या वयात बॉल आणि झोके घेऊन बसवणारी थेरपी अपमानास्पद वाटते, आणि मुले येणे बंद करतात. विषय असे हवेत: स्वतःहून आंघोळ, मुलग्यांना दाढी, पाळीत पॅड बदलणे आणि गुंडाळून टाकणे, वेळापत्रक लावून अभ्यास संपवणे, रिक्षाने किंवा सिटी बसने एकटे जाणे, दुकानात हिशेब करणे, मोबाइलवरून पैसे देताना फसवणूक ओळखणे, मैत्रिणीला नाही म्हणणे. पाळीची तयारी ती सुरू होण्याआधी करावी: दिवसातून एकदा कोरडे पॅड लावून सवय, बाथरूमच्या भिंतीवर चित्रांचा क्रम, लाल शाई लावलेल्या पॅडवर बदलण्याचा सराव.

बस प्रवास टप्प्याने शिकवतात. आधी सोबत बसून, मग दोन सीट मागे, मग पुढच्या थांब्यावर तुम्ही वाट पाहता, शेवटी एकटी. चुकीच्या थांब्यावर उतरली तर काय करायचे, याचा सराव मुद्दाम चुकीच्या थांब्यावर उतरून करावा लागतो. तो टाळला की पहिल्या गोंधळातच मूल हबकते.

थेरपिस्टने तिच्याशी काही वेळ एकटीशी बोलावे, असे सुचवले तर हरकत घेऊ नका. वर्षानुवर्षे ‘वेंधळी’ ऐकलेल्या मुलांमध्ये उदासी आणि शाळा टाळणे आढळते. झोप उडाली, जेवण सुटले किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा आली तर थेरपी बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.

अठरा पूर्ण झाल्यावर काय?

कायद्याने ती सज्ञान होते, बँक खाते आणि सह्या तिच्या. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुदिव्यांगता असून निर्णयासाठी आधार लागत असेल, तर नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ खाली कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करता येतो. तो जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीपुढे जातो. जन्मदाखला, दिव्यांगता प्रमाणपत्र, आधार आणि आई-वडिलांची संमती सतराव्या वर्षीच गोळा करून ठेवा. तिला स्वतःची सही करता येत असेल, तर तिचा सराव त्याच्याही आधीपासून सुरू करा: रोज एकाच आकाराच्या चौकटीत, एकाच पद्धतीने, बँकेच्या नमुन्याशी जुळेपर्यंत.